उमेदवार क्रमांक चार

३ ऑक्टोबर, शुक्रवार

खाली नोटीस बोर्डावर यादी लागली. सोसायटीच्या कमिटीची निवडणूक. उमेदवार आठ, जागा पाच. क्रमांक चारवर ह्यांचं नाव.

ह्यांना जाऊन आज एकवीस दिवस झाले. आणि हे निवडणुकीला उभे आहेत!

यादी दोनदा वाचली. खाली सेक्रेटरीची सही, गोल शिक्का अगदी मधोमध. वॉचमन माझ्याकडे बघत होता, मग एकदम गेटकडे तोंड करून उभा राहिला. म्हणजे त्याच्या लक्षात आलं होतं. अठ्ठावीस घरांत तेवढा एक शहाणा, आणि तो इथे राहत नाही.

अर्ज ह्यांनीच भरला होता, हे खरं. मंगळवारी भरला, शुक्रवारी गेले. पहिल्या मजल्यावरची दातांची डॉक्टर मागे लागली होती – तुमच्यासारखी कामाची माणसं कमिटीत हवीत. कामाची माणसं! गेटच्या बिजागऱ्यांना तेल घालणारा, गच्चीवरच्या टाकीचं झाकण तारेने बांधणारा असा एक फुकटचा माणूस या इमारतीत होता. कमिटीत घेतला की कायमचा बांधला. मी म्हटलं, कशाला ही हमाली. म्हणाले, "लिफ्ट तरी करून घेतो."

लिफ्टला मे महिन्याच्या शेवटी सेक्रेटरीने साखळी घातली. कुलूप लावलं, किल्ली खिशात. तेव्हापासून बंद. आम्ही सहाव्या मजल्यावर. ह्यांचं वय एकसष्ट. चौथ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले, ते उठले नाहीत. वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत घालून चौघांनी खाली नेलं. हॉस्पिटलमधून पुन्हा वर आणलंच नाही. तिसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट मला समजावत होता – सहा मजले चढवायचं, परत सहा उतरवायचं, वहिनी, जरा प्रॅक्टिकल विचार करा.

मी प्रॅक्टिकल विचार केला. म्हणजे गप्प बसले.

सासूबाई वर खोलीत. गुडघे आणि खुबा दोन्ही गेलेले, जिना उतरता येत नाही. त्यांना त्याच खुर्चीत बसवून खाली आणतो, असं शेजारी म्हणाले. त्या म्हणाल्या, ज्या खुर्चीतून त्याला नेलं तिच्यात मी बसणार नाही. मुलाचा चेहरा त्यांनी पाहिला नाही.

यादीत नाव मात्र ठसठशीत छापलंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

सेक्रेटरीकडे गेले. दुसरा मजला. त्याला इमारतीत सगळे 'पोटनियम' म्हणतात, अर्थात तो नसताना. अकरा वर्षं तोच सेक्रेटरी. लोकांनी निवडून दिला म्हणून नव्हे. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून.

मी म्हटलं, ह्यांचं नाव काढा. त्याने फाइल उघडली, चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं. अर्ज मागे घ्यायची मुदत तीस तारखेला संपली. शिवाय मागे घ्यायचा तर उमेदवाराची स्वतःची सही लागते. घरच्यांची चालत नाही. नाव आपल्या मनाने काढलं तर उद्या कुणीही निवडणूक रद्द करा म्हणून अर्ज करील.

"मग आणू का त्यांची सही?" मी विचारलं.

त्याने फाइल मिटली. म्हणाला, "वहिनी, नियम मी केलेला नाही."

माणूस गेला हे त्याला कळत नाही असं नाही. माणूस गेल्यावर कुठलं कलम लागतं ते त्याला सापडत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर कुणाशी बोलले नाही. बरं गेलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कामावर गेले. लॅबमध्ये सव्वीस वर्षं झाली. रक्ताच्या नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही तर नळी टाकून द्यायची. पुन्हा रक्त घ्यायचं. पेशंट कितीही ओरडला तरी. आज दोन नळ्या टाकल्या. तेवढंच समाधान.

घरी आले तर दातांची डॉक्टर येऊन बसलेली. सहा मजले चढून आली होती, ते तिने तीनदा सांगितलं. ती बोलताना आपल्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघते. ह्यांच्याबद्दल बोलता बोलता माझी खालची दाढ बघून घेतली असणार.

तिचं पॅनेल आहे. 'नवी दिशा'. पाच माणसं, त्यात हे. म्हणाली, नाव यादीत राहिलं ते एका अर्थी बरंच झालं. लोकांच्या भावना आहेत. तुम्ही हट्ट धरू नका. पॅनेलला त्याचा उपयोग होईल.

उपयोग. जिवंतपणी गेटच्या बिजागऱ्यांना, आता पॅनेलला.

मी चहा विचारला नाही. ती मात्र जाताना म्हणाली, दाढेकडे लक्ष द्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मतपत्रिकेवर ह्यांच्या नावाआधी 'कै.' छापायचं की नाही, यावर खाली पार्किंगमध्ये तासभर चर्चा झाली म्हणे. वॉचमनने सांगितलं. शेवटी सेक्रेटरीने निकाल दिला – अर्जात जसं नाव आहे तसंच छापलं जाईल. अर्जात त्यांनी 'कै.' लिहिलेलं नाही.

नाही लिहिलं खरं. चुकलंच त्यांचं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पार्किंगमध्ये उमेदवारांची सभा. जायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, जा, काय बोलतात ते ऐकून ये आणि मला सांग. गेले. सगळ्यात मागच्या खुर्चीवर, खांबाआड.

निवडणूक अधिकारी म्हणून शेजारच्या इमारतीतले एक निवृत्त हेडक्लार्क आणलेत. प्रत्येकाला तीन मिनिटं. हातात घड्याळ. पहिली डॉक्टर बोलली. पारदर्शक कारभार, पारदर्शक कारभार. मग विमा एजंट. त्याला गेटवर कॅमेरे हवेत, आणि पार्किंगला पिवळे पट्टे. तिसऱ्या उमेदवाराला मागच्या बाजूला बाग करायची आहे. मागच्या बाजूला सांडपाण्याची तुंबलेली टाकी आहे, तिच्यावर बाग! लिफ्टचं नाव कुणी काढलं नाही. मी मोजून पाहिलं. आठ उमेदवारांत सहाजण तिसऱ्या मजल्यापर्यंतच राहतात.

मग हेडक्लार्क यादीत बघून म्हणाले, "क्रमांक चार."

त्यांच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. पण माणूस नियमाचा पक्का. घड्याळाकडे बघत तसेच उभे राहिले. मग कुणीतरी खुर्चीवरून उठलं, त्याचं बघून सगळे उठले, आणि ती श्रद्धांजली झाली. तीन मिनिटं! विमा एजंटचा फोन वाजला, त्याने बंद केला, परत वाजला. मान खाली घालून सगळे एकमेकांच्या चपला बघत होते. हेडक्लार्क म्हणाले, वेळ संपली. क्रमांक पाच.

ह्यांचं भाषण सगळ्यात चांगलं झालं. एकही खोटं आश्वासन नाही.

क्रमांक पाच म्हणजे सेक्रेटरी. तो उठला, आणि मी पण उठले. का उठले ते मलाच माहीत नाही. मी सभेत कधी बोलत नाही. लग्नातसुद्धा मी कुणाशी फार बोलले नव्हते.

मी विचारलं, "लिफ्टला साखळी कोणी घातली?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मी घातली."

"दुरुस्त का नाही झाली?"

तर म्हणे, कुठल्याही मोठ्या कामाला तीन कोटेशन लागतात. दोनच आली. तिसरं अजून आलेलं नाही.

पाच महिने तिसऱ्या कागदाची वाट बघतोय हा माणूस! डॉक्टरने लगेच टाळ्या वाजवल्या, जशी काही मी तिच्यातर्फे बोलले. मी वर निघून आले. चौथ्या मजल्यावर थांबत नाही हल्ली. तिथे पायऱ्या मोजायच्या नाहीत, सरळ चढायचं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या श्रद्धांजलीला हसल्या. नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सासूबाईंचा उजवा डोळा केव्हाच गेलाय. डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, महिनाभरात काढला नाही तर तोही गेला असं समजा. घरी येऊन ऑपरेशन होत नाही.

लेकीचा फोन आला. तिचं म्हणणं, चार माणसं बोलाव आणि आजीला उचलून आण, यात एवढं काय? मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्या नातीला म्हणाल्या, "मी काय गादी आहे का ग, उचलायला?" लिफ्ट चालू करा, मी माझी उभी राहून जाईन. नाहीतर राहू दे डोळा. बघण्यासारखं तसंही काय उरलंय.

लेक रडली. मग माझ्यावर चिडली. सोपं असतं ते.

आता कमिटी कुठलीही येवो. महिन्याच्या आत लिफ्ट. बाकी त्यांनी खुशाल पट्टे ओढावेत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दोन्ही पॅनेलची, डॉक्टरच्या आणि सेक्रेटरीच्या, पत्रकं दाराखालून आली. दोन्हींत शुद्धलेखनाच्या चुका सारख्याच. एकाच दुकानात छापलेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लॅबमधून लवकर सुटले. कुलूप उघडून आत आले तर सासूबाई इंटरकॉमवर. या इमारतीत तेवढी एक गोष्ट चालते. त्यांना आकडे दिसत नाहीत, बोटाने बटणं मोजून लावतात. माझ्याकडे पाठ होती. त्यांना वाटलं मी नाहीच.

"त्याला मत दे. तो काही खाणार नाही, भांडणार नाही, मीटिंगला उशिरा येणार नाही." मग जरा थांबल्या. पलीकडचं माणूस काहीतरी बोलत असावं. मग म्हणाल्या, "हो, माहीत आहे मला. आई आहे मी त्याची."

फोन ठेवला आणि लगेच पुढचा लावला. मी चपला हातात घेऊन उभी. तीन घरं झाली. प्रत्येकाशी वेगळं बोलणं! पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला दरडावलं, सातव्या मजल्यावरच्या नव्या सुनेला आधी बाळाची चौकशी. माझा नवरा कुणावर गेला होता ते मला आज कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, वडिलांवर.

मी म्हटलं, आई, हे काय चाललंय? अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "तू कुणाशी बोलत नाहीस, मग कोण बोलणार? उभा राहिलाय ना? मग पडायला नको."

मला राग यायला हवा होता. आला पण. पण मी त्यांच्या कानाला गरम पाण्याचा शेक दिला. रिसीव्हर धरून धरून लाल झाला होता.

१९ ऑक्टोबर, रविवार

मतदान. घराला एक मत, पाच खुणा. मी ह्यांच्या नावापुढे खूण केली नाही. कुठल्याच नावापुढे केली नाही, कोरी टाकली. मेलेल्या माणसाला मत द्यायचं म्हणजे अगदीच झालं, आणि जिवंतांत देण्याजोगा कुणी नव्हता.

अठ्ठावीस घरांपैकी सव्वीस आली. मोजणी तिथेच, विमा एजंटच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. हेडक्लार्कनी आकडे वाचले. डॉक्टर अठरा. विमा एजंट चौदा. बागवाला तेरा. सेक्रेटरी नऊ. पडला. अकरा वर्षांनी, नऊ मतं.

क्रमांक चार, बावीस. सगळ्यात जास्त.

टाळ्या वाजल्या! खरोखरच्या. एकाने तर शिट्टी मारली, मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. हेडक्लार्क यादीतलं पुढचं वाचत गेले – विजयी उमेदवारांनी पुढे येऊन सही करावी – आणि मग खोकले.

आमच्या लॅबमध्ये अशी नळी टाकून देतात. इथे तिला पहिला नंबर देतात.

वर आले. सासूबाईंनी विचारलं, किती? मी म्हटलं, बावीस. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "चार कोण ते शोध."

मी सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर अभिनंदनाचा फलक. पाच फोटो. ह्यांचा फोटो कुठून आणला कोण जाणे – हसताहेत, आणि बाजूला कापून काढलेला माझा खांदा.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

नव्या कमिटीची पहिली बैठक. मला बोलावणं आलं. एक जागा रिकामी आहे, म्हणजे ती भरलेलीही आहे आणि रिकामीही आहे, आणि त्यावर या चौघांची मती गुंग झालेली. विमा एजंटच्या मते पुन्हा निवडणूक. डॉक्टरच्या मते तिचा नवरा. शेवटी मावळता सेक्रेटरी, जो फक्त कागद ताब्यात द्यायला आला होता, तो कोपऱ्यातून म्हणाला, उमेदवार निवडून आल्यावर जागा रिकामी झाली तर घराच्या सहमालकाला घेता येतं. कलम, पोटकलम सगळं तोंडपाठ.

आता बरं कलम सापडलं!

घरावर माझंही नाव आहे. मी नाही म्हणणार होते. पण तो डोळा आठवला. मी विचारलं, मी आले तर लिफ्टचा ठराव आज होईल का? होईल म्हणाले. मग मला सेक्रेटरीच करून टाकलं. डॉक्टर अध्यक्ष, विमा एजंट खजिनदार, बाकीचे दोघे सदस्य. कमिटीत यायची सगळ्यांना हौस, पण सेक्रेटरीचं काम कुणालाच नको. पहिल्या बाकावर बसायचं, पण फळा दुसऱ्याने पुसायचा.

दोन कोटेशनवर काम द्यायचा ठराव मी लिहिला. तिसऱ्याची गरज नाही असं एका ओळीत नमूद केलं. अकरा मिनिटं लागली. पाच महिन्यांचं काम, अकरा मिनिटं. जुन्या सेक्रेटरीकडे बघितलं. तो टेबलावरचे कागद सारखे करत होता.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लिफ्टचा मेकॅनिक आला. मला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत घेऊन गेला. दोर दाखवला. बारीक तारांचे पीळ असतात, ते कितीतरी तुटून केसांसारखे बाहेर आलेले. हातमोज्याला अडकले. म्हणाला, बंद होती म्हणून बरं, मॅडम. चालू असती तर एखाद्या दिवशी सगळी खाली गेली असती.

ठीक आहे. बंद केली ते बरोबर केलं. मग लगेच दुरुस्त का नाही केली? बंद करायला कर्तृत्व लागत नाही. साखळी आणि कुलूप लागतं.

दोर मागवलाय. दहा दिवस म्हणाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जुन्या सेक्रेटरीने कपाट ताब्यात दिलं. अकरा वर्षांच्या फाइली, प्रत्येकीवर चिकटवलेली चिठ्ठी, अक्षर मोत्यासारखं. पाण्याची टाकी, गच्ची, जिना, पार्किंग. सगळ्या कामांचे कागद जागच्या जागी. फक्त कामं तेवढी झालेली नाहीत.

लिफ्टची फाइल नव्हती. विचारलं. म्हणाला, ती माझ्याकडेच राहू द्या. जुनी आहे, तुम्हाला उपयोग नाही.

असं! बाकी सगळं उघडं, आणि नेमकी हीच कुलपात. घरी येऊन त्याच्या नावे लेखी पत्र तयार केलं. सोसायटीचे कागद आठ दिवसांत सेक्रेटरीच्या ताब्यात न दिल्यास कारवाई. कलम त्याच्याच पुस्तकातलं घातलं. शिक्का मारला, अगदी मधोमध. पत्र वॉचमनच्या हाती पाठवलं.

शिक्का मारायला खरंच बरं वाटतं. आता समजलं हा माणूस अकरा वर्षं का चिकटून बसला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिफ्ट सुरू झाली. डॉक्टरने रिबीन बांधली होती. नवी दिशा! मी सांगितलं, पहिल्या फेरीत सासूबाई जातील, मग हवी ती रिबीन कापा. डॉक्टर काहीतरी म्हणणार होती. दाढेकडे बघून कात्री खाली ठेवली.

सासूबाई तयार होऊन बसल्या होत्या सकाळपासून. वॉकर धरून दारापासून लिफ्टपर्यंत बावीस पावलं, तीन वेळा थांबल्या. आत उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. माझा दंड घट्ट धरला होता. म्हणाल्या, "चौथा आला की सांग."

जाळीच्या दारातून मजले वर सरकत होते. पाचवा. मग मी म्हटलं, आला. त्यांनी जाळीकडे चेहरा केला. काही दिसत नव्हतं त्यांना, उजेड तेवढा. गेला का, म्हणाल्या. मी म्हटलं, गेला. खालपर्यंत माझा दंड सोडला नाही.

खाली सगळी मंडळी जमलेली. टाळ्या. सासूबाईंनी विचारलं, हे कोण लोक? मी म्हटलं, तुमचे मतदार.

उद्या ऑपरेशन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. नीट झालं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुदतीचा शेवटचा दिवस. जुना सेक्रेटरी दुपारी फाइल घेऊन आला. लिफ्ट चालू असताना जिन्याने आला, धापा टाकत. नव्या कमिटीची लिफ्ट वापरायची नसेल. अहंकार कुठे जातो माणसाचा.

दारातच उभा. फाइल दोन्ही हातांत. मी हात पुढे केला तरी लगेच दिली नाही. म्हणाला, "मी शब्द दिला होता. पण तुम्ही कलम लावलंत." मग दिली. "एकट्या असाल तेव्हा वाचा."

पोचपावती मागितली. मी दिली. उद्या वाचीन. काय काय लपवलंय ते सगळं बैठकीपुढे ठेवायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यात वर मे महिन्यातला अर्ज आहे. अक्षर ह्यांचं.

"लिफ्टच्या दोराचे पीळ तुटलेले मी स्वतः मशीनच्या खोलीत जाऊन पाहिले आहेत. माझी आई व पत्नी रोज या लिफ्टने जातात. दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी." त्याखाली सेक्रेटरींचा शेरा – वरच्या मजल्यावर वृद्ध आहेत, तपासणी होईपर्यंत चालू ठेवावी. त्याखाली पुन्हा ह्यांचं अक्षर – आजच बंद करा, नाहीतर मी वर तक्रार करीन. आणि समासात, पेन्सिलने – घरी सांगू नका. तुमच्या नावावर खपवा.

साडेतीन महिने मी ह्यांच्या मागून जिना चढताना सेक्रेटरींना नावं ठेवत होते. मजल्यामजल्याला. हे पुढे चढत होते. एकदाही मागे वळले नाहीत.

सासूबाईंना वाचून दाखवलं. परत वाच म्हणाल्या. परत वाचलं. म्हणाल्या, "आईचं नाव आधी घातलंय, बघ."

सेक्रेटरींकडे जायला हवं. दुपारपासून चपला घालून बसले आहे.